सेपल्चुराकडून ढोलवाल्याने नक्की काय उचलावं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी पथकात सहा वर्षं ढोल वाजवतोय, आता मित्रांबरोबर मेटल बँड सुरू केलाय. ढोल-ताशा आणि मेटल एकत्र करायचंय म्हटलं की प्रत्येक जण सेपल्चुरा या ब्राझिलियन मेटल बँडचा 'रूट्स' हा अल्बम ऐक म्हणतो. ऐकलं, आवडलं, पण हे लोक एवढे मोठे का ते कळलं नाही. नेमकं काय केलं त्यांनी, आणि मूळचा गायक गेल्यानंतरचं काही ऐकण्यासारखं आहे का?"

मित्रा, मी पंचवीसेक वर्षं ड्रम्स वाजवतोय आणि त्यातली पंधरा शिकवतोय, त्यामुळे उत्तर ड्रमरच्या बाजूनेच येणार, गिटारवाल्यांनी रागावू नये. आणि लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, 'रूट्स' पासून सुरुवात करू नकोस. सगळे तेच सांगतात आणि तिथेच घोळ होतो. 'रूट्स' ऐकून माणसाला वाटतं की अच्छा, मेटल घ्यायचं, वर आदिवासी ढोल टाकायचे, झालं काम. मलाही तेच वाटलं होतं. २००३ मध्ये आमच्या बँडने एका गाण्यात ढोल घातला, गिटार, बेस, ड्रम्स सगळं आधी रेकॉर्ड करून ठेवलं आणि शेवटी दोन ढोलवाले मित्र बोलावून त्यांना हेडफोन लावून म्हटलं वाजवा यावर. कर्वे रोडवरच्या त्या बेसमेंटमध्ये चार तास घाम गाळला आणि जे निघालं ते असं होतं की शेजारच्या गल्लीत मिरवणूक चाललीय आणि आम्ही खिडकी बंद करायला विसरलोय. आपली चूक काय झाली हे मला कळायला अजून काही वर्षं गेली, आणि ते कळलं सेपल्चुराचे अल्बम उलट्या क्रमाने नाही, सुलट क्रमाने ऐकल्यावर.

तर सुलट क्रमाने सांगतो.

ब्राझीलमध्ये मिनास जेराइस नावाचं राज्य आहे, खाणींचं, डोंगराळ, समुद्रकिनारा नाही. त्याची राजधानी बेलो होरिझाँटे. तिथे मॅक्स आणि इगोर कावालेरा हे दोन भाऊ, वयात वर्षभराचं अंतर. वडील इटालियन, वकिलातीत नोकरीला, घरची परिस्थिती चांगली. १९७९ मध्ये वडील हार्ट अटॅकने गेले, मॅक्स तेव्हा नऊ वर्षांचा, आणि घर पैशाच्या बाजूने धाडकन खाली आलं. या पोरांनी १९८४ मध्ये बँड काढला. देशात तेव्हा वीस वर्षांची लष्करी राजवट संपत आली होती (ती संपली १९८५ मध्ये), रस्त्यावर पोलिसांची भीती ही रोजची गोष्ट. त्यांच्या गाण्यांत पोलीस, तुरुंग, दंगल सारखं सारखं का येतं ते यातून समजून घे, ती त्यांनी परदेशी बँड बघून उचललेली पोज नाही.

नाव कसं पडलं त्याची गंमत आहे. मॅक्स मोटरहेड या इंग्लिश बँडच्या 'डान्सिंग ऑन युवर ग्रेव्ह' या गाण्याचे शब्द पोर्तुगीजमध्ये उतरवत बसला होता, ग्रेव्हला पोर्तुगीज शब्द सेपुल्तुरा, तोच बँडला चिकटला. आपण इंग्रजी वळणाने सेपल्चुरा म्हणतो. जुन्या गोव्याला गेलास तर तिथल्या चर्चमध्ये फरशीतच थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, पोर्तुगीजमध्ये कोरलेल्या, त्यांच्यावर हा शब्द भेटतो. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बरोबरच्या सगळ्या कुटुंबासमोर "अरे!" असं ओरडलो होतो आणि बायकोने चिमटा काढला होता.

सुरुवातीचे अल्बम, म्हणजे १९८५ चं 'बेस्टियल डिव्हास्टेशन' (ओव्हरडोज नावाच्या गावातल्याच दुसऱ्या बँडबरोबर अर्धं अर्धं, एक बाजू यांची एक बाजू त्यांची) आणि १९८६ चं 'मॉर्बिड व्हिजन्स', हे काढले कोगुमेलो नावाच्या लेबलने, मुळात ते बेलो होरिझाँटेमधलं रेकॉर्डचं दुकान. इंग्रजी धड येत नाही, गिटारी ट्यून करत नव्हतो हे ते स्वतःच नंतर हसत सांगायचे. ऐकशील तर डोकं धरशील, पण त्यात एक इर्षा आहे, ती ऐकून ठेव. १९८७ मध्ये गिटारवर आंद्रेआस किसर आला, साओ पावलोजवळच्या साओ बर्नार्डोचा, क्लासिकल गिटार येणारा, आणि बँड एकदम शाळेतून कॉलेजात गेल्यासारखा झाला. पाउलो ज्युनिअर बेसवर आधीपासून होताच. मॅक्स (गायक आणि गिटार), इगोर (ड्रम्स), पाउलो, आंद्रेआस, हे चौघं म्हणजे लोक ज्याला खरा सेपल्चुरा म्हणतात तो.

इथे मॅक्सच्या गिटारबद्दल सांगायलाच पाहिजे कारण माझ्याकडे येणारी पोरं आधी गिअरची यादी घेऊन येतात. मॅक्स चार तारांची गिटार वाजवतो. सहाच्या गिटारवर खालच्या दोन बारीक तारा लावतच नाही. तुटल्या, पुन्हा घेतल्या नाहीत, मग लक्षात आलं की आपल्या रिफला, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला, त्या लागतच नाहीत. पुढे पैसे आले तरी तो चारच तारांवर राहिला. आता यातून काय होतं बघ. वर सोलो वाजवायची सोयच नसलेला माणूस उजव्या हातावर राहतो, म्हणजे तालावर. त्याचे रिफ निम्मे तालवाद्यासारखे आहेत. भाऊ ड्रमर, हा तालवाला गिटारिस्ट, दोघं लहानपणापासून एका घरात, त्यामुळे या बँडमध्ये गिटार आणि ड्रम्स वेगळे काढताच येत नाहीत. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

१९८८ च्या डिसेंबरात रिओमध्ये 'बिनीथ द रिमेन्स' रेकॉर्ड झाला. फ्लोरिडाहून स्कॉट बर्न्स नावाचा प्रोड्युसर आला, रात्री काम चालायचं, संध्याकाळी सुरू ते पहाटेपर्यंत. १९८९ ला रोडरनर या लेबलने तो जगभर काढला. मग १९९१ चा 'अराइझ', तो थेट फ्लोरिडात टॅम्पाला, बर्न्स काम करायचा त्याच स्टुडिओत. हे दोन अल्बम म्हणजे थ्रॅश, म्हणजे सुसाट वेगाचं मेटल, शुद्ध, धारदार, जगातल्या कुठल्याही बँडच्या तोडीचं. माझ्याकडे 'अराइझ' आला तो दुबईला असलेल्या एका मित्राच्या मामाकडून, कॉपी केलेली कॅसेट, कव्हरवर बॉलपेनने नाव, आणि इतक्या वेळा वाजवली की बी साइडला मध्येच आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा. मला कित्येक वर्षं ते गाण्यातलंच वाटत होतं. असो.

पण प्रामाणिकपणे, इथपर्यंत ते 'ब्राझीलचा एक फार चांगला थ्रॅश बँड' होते. ब्राझीलहून आले एवढंच ब्राझिलियन. आवाजात ब्राझील नव्हता. १९९१ च्या जानेवारीत माराकाना स्टेडियमवर रॉक इन रिओ फेस्टिवलमध्ये वाजवलं, मे महिन्यात साओ पावलोत स्टेडियमबाहेरच्या चौकात फुकट शो केला, तिथे तुफान गर्दी झाली आणि एका माणसाचा खून झाला, मग कितीतरी दिवस त्यांच्या नावाला तो डाग. पुढे बँड अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या फिनिक्सला राहायला गेला. आणि गंमत अशी की देश सोडल्यावर आवाजात देश आला. आपल्याकडे पण बघ ना, गणपतीत सगळ्यात जोरात ढोल कोण वाजवतं, न्यू जर्सीतलं पथक.

आता मुख्य अल्बम, १९९३ चा 'केऑस ए.डी.'. माझ्या मते हाच त्यांचा सगळ्यात मोठा, 'रूट्स' नाही, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत रेकॉर्ड झाला, प्रोड्युसर अँडी वॉलेस. पहिलं गाणं 'रिफ्यूज/रेझिस्ट' सुरू होतं ते हृदयाच्या ठोक्यांनी, ते मॅक्सच्या तेव्हा जन्मायच्या असलेल्या मुलाचे ठोके आहेत, आणि त्यातून इगोरचा ठेका उगवतो. थ्रॅश ड्रमर असतो तर काय करतो? हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजा) आणि स्नेअर (चुरचुरत्या आवाजाचा ड्रम), टुपा टुपा टुपा, पळ. इगोर काय करतो? हात खाली आणतो, टॉम्सवर, म्हणजे किटमधल्या खोल आवाजाच्या ड्रम्सवर. झांजा जवळपास बंद. वेग निम्मा करतो आणि वजन दुप्पट.

सांबाच्या बँडमध्ये सुर्डो नावाचा मोठा ढोल असतो, गळ्यात अडकवून वाजवतात. एक सुर्डो पहिल्या मात्रेला, दुसरा त्याहून खोल आवाजाचा दुसऱ्या मात्रेला, आणि तिसरा यांच्या मधल्या जागा भरत, वळणं घेत जातो. जोर दुसऱ्या मात्रेवर, पहिलीवर नाही. त्याच्यावर काइशा नावाचं स्नेअरसारखं वाद्य सतत बारीक चुरचुरत असतं. आता आपलं पथक डोळ्यासमोर आण. खाली ढोलाचा टोल, वर ताशाची तर्री, म्हणजे सलग बारीक ठोके. रचना तीच आहे, बोल वेगळे. इगोरने काय केलं तर सुर्डो भाड्याने आणून गाण्यावर चिकटवला नाही, त्याने स्वतःच्या ड्रमकिटचे फ्लोअर टॉम आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांनाच सुर्डोचं काम दिलं आणि स्नेअरला काइशाचं. वाद्य तेच, मेटलचंच किट, फक्त कुठला हात कुणासाठी काम करतो ते बदललं. आणि मॅक्सचा चार तारांचा रिफ त्या टॉम्सच्या बरोबर बसवला, टॉम पडला की तार पडते. म्हणून 'टेरिटरी' मध्ये सुरुवातीला फक्त ड्रम्स असतात तरी तुला गाणं सुरू झाल्यासारखंच वाटतं. रिफ यायच्या आधीच रिफ वाजलेला असतो.

आमच्या त्या ढोलाच्या गाण्यात आम्ही हेच उलटं केलं होतं. गिटारचा रिफ थ्रॅशचा, ड्रम्स थ्रॅशचे, पहिल्या मात्रेवर जोर, आणि ढोलवाल्यांना सांगतोय की बाबांनो आता तुम्ही यात कुठेतरी बसा. कुठे बसणार ते? जागाच नव्हती.

याच अल्बमवर 'कायोवास' आहे, बिनशब्दांचं, अकूस्टिक गिटार आणि ढोल. ते वेल्समधल्या चेपस्टोच्या पडक्या किल्ल्यात जाऊन रेकॉर्ड केलं, डोक्यावर छप्पर नाही, भिंती दगडी. विषय ब्राझीलमधल्या ग्वारानी-कायोवा लोकांचा, ज्यांची जमीन हिसकावली जात होती आणि ज्यांच्यात त्यापायी आत्महत्या होत होत्या. स्टेजवर हे गाणं आलं की सगळेच तालवाद्यं घ्यायचे, गायक, बेसवाला, सगळे. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे मुद्दाम दाखवतो, कारण बँडमधल्या प्रत्येकाला ताल हाताने कळला पाहिजे, फक्त ड्रमरला नाही. तुमच्या गिटारवाल्याला एकदा सरावाला मैदानावर ने, कमरेला ढोल बांध, तासभर नुसता साधा हात वाजवायला लाव. बोटांना फोड आला की रिफ आपोआप बदलतो.

'मॅनिफेस्ट' हे गाणं साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगावर आहे, २ ऑक्टोबर १९९२ ला पोलीस आत घुसले आणि १११ कैदी मेले. 'पोलिसिया' हे टिटांस या ब्राझीलमधल्याच रॉक बँडचं गाणं त्यांनी पोर्तुगीजमध्येच म्हटलं. म्हणजे ताल घरचा झाला तशी गोष्ट पण घरची झाली, दोन्ही बरोबरच झालं, आधी एक मग दुसरं असं नाही.

मग 'रूट्स', फेब्रुवारी १९९६. आता ऐक, आता कळेल. कॅलिफोर्नियात मालिबूच्या डोंगरात इंडिगो रँच नावाचा स्टुडिओ, प्रोड्युसर रॉस रॉबिन्सन, ज्याने कॉर्न या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम केला होता. त्यामुळे गिटारचा आवाज चिखलासारखा जाड, तारा खूप खाली उतरवलेल्या. जुने चाहते म्हणाले कॉर्नची नक्कल, आणि थोडं खरंही आहे ते, अल्बम जरा लांबलाय, मधली दोनतीन गाणी काढली असती तरी चाललं असतं. पण साल्वादोर बाहियाचा कार्लिन्हुस ब्राउन त्यांनी बोलावला, हा माणूस म्हणजे ब्राझीलच्या तालवाद्यांचं चालतंबोलतं दुकान, टिंबालादा नावाचा ग्रुप त्याचा. 'राटामहाट्टा' मध्ये तो आणि मॅक्स मिळून नुसती नावं आणि शब्द फेकतात, झुंबी म्हणजे पळून गेलेल्या गुलामांच्या वस्तीचा पुढारी, लांपियाव म्हणजे दुष्काळी भागातला दरोडेखोर, झे दु काइशाव म्हणजे भयपटांतलं पात्र, वाक्य असं नाहीच. एखाद्या बिगर-ब्राझिलियनला काही कळत नाही आणि तरी सगळं कळतं. 'अ‍ॅटिट्यूड' सुरू होतं बेरिंबावने, एका तारेचं धनुष्यासारखं वाद्य, खाली पोकळ भोपळा. आपल्या तुणतुण्याचा लांबचा भाऊ म्हण, नातं नसलं तरी तोंडवळा आहे.

आणि मातो ग्रोसो राज्यात शावांते लोकांच्या गावी जाऊन राहिले, अंगाला त्यांचे लाल-काळे रंग लावून घेतले, त्यांच्या गाण्याबरोबर रेकॉर्ड केलं. त्या ट्रॅकचं नाव 'इत्सारी', शावांते भाषेत मुळं. इथे एक बारीक गोष्ट आहे जी लोक सोडून देतात. शावांतेंचं गाणं त्यांनी मेटलच्या गिटारीखाली दाबलं नाही. वेगळा ट्रॅक, त्यांच्या गावात, त्यांच्या वेगाने, बँड अकूस्टिक गिटारी घेऊन बाजूला. पाहुण्यासारखं. आता कुणी म्हणेल शेवटी अल्बम विकला तो सेपल्चुराचा, शावांतेंचा नाही, आणि ते बरोबरच आहे, हा वाद मिटणारा नाही. पण तुला उद्या धनगरी गजाचे ढोल रेकॉर्ड करायचे झाले तर त्यांना स्टुडिओत आणून क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या टिकटिकीवर, वाजवायला लावायचं की आपण माईक घेऊन माळावर जायचं, हा प्रश्न तुझ्यासमोर येणारच, तेव्हा 'इत्सारी' आठव.

'रूट्स'च्या कव्हरवरचा आदिवासी चेहरा त्यांनी घेतला तो ब्राझीलच्या १००० क्रुझेरोच्या नोटेवरून, हे मला फार आवडतं. ज्या सरकारने आदिवासींच्या जमिनी वाचवल्या नाहीत त्याच सरकारने त्यांचा चेहरा नोटेवर छापला.

आणि मग एवढ्या उंचीवर असताना सगळं तुटलं. ऑगस्ट १९९६ मध्ये मॅक्सच्या बायकोचा, ग्लोरियाचा, मुलगा डेना वेल्स गाडीच्या अपघातात गेला. ग्लोरिया बँडची मॅनेजर पण होती. ते दोघं तातडीने घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये डोनिंग्टनच्या फेस्टिवलला बाकीच्या तिघांनीच वाजवलं, आंद्रेआस गायला. काही महिन्यांत तिघांनी ठरवलं की ग्लोरियाचा करार पुढे चालवायचा नाही. १६ डिसेंबर १९९६ ला लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत शेवटचा शो झाला आणि मॅक्स बाहेर पडला. त्या शोचं रेकॉर्डिंग पुढे २००२ मध्ये 'अंडर अ पेल ग्रे स्काय' नावाने आलं, ते ऐक, माणसं आतून फाटलेली असताना हात किती घट्ट राहू शकतात ते कळतं. कोण बरोबर कोण चूक, यात मी पडत नाही. घर आणि धंदा एका ताटात जेवायला लागले की काय होतं ते आपल्याकडच्या बँडवाल्यांना आणि तमाशाच्या फडांना नव्याने सांगायला नको.

मॅक्सने सोलफ्लाय नावाचा बँड काढला. सेपल्चुराने अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा डेरिक ग्रीन गायक म्हणून घेतला. तुझा शेवटचा प्रश्न त्याच्याबद्दलच. १९९८ चा 'अगेन्स्ट' अर्धवट आहे, पण त्यात 'कामाइताची' ऐक, जपानच्या कोडो या ढोलवाल्यांबरोबर केलंय, तुझ्या कामाचं आहे. त्यानंतरचे दोन अल्बम मी सोडून देतो, तू पण दे. २००६ चा 'दांते XXI' चांगला, आणि तोच इगोरचा शेवटचा, तो पण गेला आणि भावाला जाऊन मिळाला, दोघांनी कावालेरा कॉन्स्पिरसी काढला. म्हणजे २००६ नंतर सेपल्चुरात एकही कावालेरा नाही. इथे बहुतेक लोक दुकान बंद करतात. करू नकोस. २०११ मध्ये एलॉय कासाग्रांदे नावाचा विशीतला ड्रमर आला आणि २०१७ चा 'मशीन मसाया' आणि २०२० चा 'क्वाड्रा' हे दोन अल्बम असे झालेत की मी माझ्या वयाला लाजलो. इगोरचं वजन आणि त्यावर तंत्र. २०२३ च्या डिसेंबरात त्यांनी चाळीस वर्षांनंतर थांबतोय म्हणून फेअरवेल टूर जाहीर केली, ती मार्च २०२४ मध्ये बेलो होरिझाँटेपासून सुरू होणार होती आणि फेब्रुवारीत, काहीच दिवस आधी, एलॉय सोडून स्लिपनॉट या अमेरिकन बँडमध्ये गेला. लोकांनी शिव्या घातल्या. ग्रेसन नेक्रुटमन नावाचा अमेरिकन पोरगा, मुळात जॅझ वाजवणारा, त्याने ऐनवेळी किट सांभाळलं. तिकडे दोघं भाऊ, पन्नाशी ओलांडलेले, त्यांनी आपले ते बेसूर जुने अल्बम २०२३ मध्ये पुन्हा नव्याने वाजवून रेकॉर्ड केले, या वेळी गिटारी ट्यून करून.

एवढे मोठे का, तर माझ्या लेखी यासाठी की त्यांच्या आधी मेटल हे इंग्लंड-अमेरिका-जर्मनीचं होतं आणि बाकीचे आम्ही नकला करणारे. ते यांनी बदललं. फ्रान्सच्या गोझिरा बँडमध्ये सेपल्चुरा ऐकू येतो, स्लिपनॉटच्या त्या पिंपांवरच्या ठोक्यांत ऐकू येतो.

आता करायचं काय. पुढच्या सरावाला गिटार अँपला लावूच नका. आधी 'टेरिटरी'ची सुरुवात लाव, नुसते ड्रम्स आहेत तेवढीच, इयरफोनवर नको, मोठ्या स्पीकरवर, आणि पथकातला एक ताशावाला शेजारी बसव. त्याला मेटल आवडत नसलं तर उत्तम. तेवढा तुकडा पाच-सहा वेळा फिरव आणि त्याला म्हण तुला सुचेल ते वाजव. तो जिथे तर्री टाकेल ती जागा मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. रिफ त्या जागेवरून लिहायला घ्या. आणि ते रेकॉर्डिंग मला पाठव, मला खरंच ऐकायचंय तो कुठे टाकतो ते.